हरवलेल्या गाण्याच्या डॉक्टरीणबाई

माणसाला तोंड उघडायला लावावं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनीच; अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात या बाबतीत त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नसेल. त्या दातांच्याच डॉक्टर, तेव्हा यात विशेष ते काय, असं कुणी म्हणेल. पण दातांचे डॉक्टर गावात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापुढे आपण नाइलाजानं तोंड उघडतो आणि काम झालं की मिटतो. बाईंकडे दाढ भरून झाली, चूळ भरून झाली, तरी पेशंट 'आ' करूनच बसलेला असायचा, कारण बाई त्याला सांगत असायच्या, "हाच 'आ' लांबवा बघू. आणखी. आता श्वास कुठं तुटला?" बिचाऱ्याला वाटायचं, हीसुद्धा तपासणीच आहे. अशोक चौकातल्या त्या दवाखान्यात कितीतरी यंत्रमाग कामगारांनी आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी आठशे वर्षांपूर्वीच्या संगीताच्या संशोधनाला आपला श्वास दिला आहे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. बाईंच्या मदतनीस रझियाआपा मात्र वैतागायच्या. "डॉक्टर, बाहर लोगां बैठे हैं. गाना बाद में करो ना!" असं त्या पडद्याआडून म्हणायच्या, आणि बाई आतून म्हणायच्या, "हो गया, हो गया, बस एक 'आ'!"

बाईंचं घराणं विणकरांचं. घरात तेलुगू, दवाखान्यात मराठी, रझियाआपांशी दख्खनी आणि अक्कलकोटकडचा पेशंट आला की कानडी. चारही भाषांत त्या बोलायच्या मात्र एकाच विषयावर. दवाखान्याच्या भिंतीवर दोन चित्रं होती. एक दातांवर ब्रश कसा फिरवावा याचं, आणि दुसरं एका जुन्या पोथीच्या पानाचं, मोठं करून काचेत बसवलेलं. दक्षिणेतल्या कुठल्याशा ग्रंथालयात ही पोथी आहे. संगीतावरचा संस्कृत ग्रंथ. त्या पानावर उदाहरण म्हणून आपल्या मुलखातल्या एका गाण्याची एक ओळ दिली आहे: "आला वो घरा, दिवा उजळीं." घरी आला गं, दिवा उजळ. कोण आला ते पुढच्या ओळीत असणार, पण पुढची ओळ किड्यांनी खाल्ली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर सुराचं नाव लिहिलेलं आहे. स, रि, ग, म. कुणीतरी एके काळी ती ओळ गायली, कुणीतरी ती सुरांसकट लिहून ठेवली, आणि मग गाणारी माणसं गेली. आता ते गाणं कसं होतं हे जगात कुणालाही ठाऊक नाही. एका सहलीत बाईंनी हे पान पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं ते कायमचं. सहलीतले बाकीचे लोक साड्या घेऊन आले, बाई हे पान घेऊन आल्या.

मी रेल्वेतला माणूस. नोकरीचा बराचसा काळ कुर्डुवाडीत गेला, आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सोलापुरात होटगी रोडला बाईंच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो. सामान लावून व्हायच्या आत पहिल्याच सकाळी वरून एक किंकाळी आली. मग दुसरी. माझी बायको कमल, सांगोल्याकडची, भीडभाड न ठेवणारी, हातातला डबा ठेवून म्हणाली, "अवो, वरच्या बाईला कुनीतरी तरास देतंय. जावा की बघायला!" मी काठी घेऊन वर गेलो. दार बाईंनीच उघडलं. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा कपाळावर, हातात मोबाइल आणि त्यावर तंबोरा चालू. "वाजलं का खाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वाजलं म्हणजे, आम्हाला वाटलं..." "बरोबरच वाटलं," बाई खिन्न होऊन म्हणाल्या. "मलाही तसंच वाटतं. पण पानावर असंच लिहिलंय, भाऊ. 'घरा' वर इतकं उंच जायचंय की गळा फाटतो. त्या काळच्या बायकांचे गळे कसले होते कोण जाणे."

पुढे बराच काळ त्या काळच्या बायका आमच्या डोक्यावर किंचाळत राहिल्या. मग एक दिवस बाई पेढ्यांचा पुडा घेऊन जिना उतरत आल्या. धारवाडच्या एका वृद्ध अभ्यासकांना त्यांनी पानाचा फोटो पाठवला होता, आणि त्यांनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला होता. आज आपण सुराच्या डोक्यावर टिंब दिलं की वरचं सप्तक समजतो. त्या काळी डोक्यावरचं टिंब म्हणजे खालचं सप्तक. वरच्यासाठी उभी रेघ असायची. बाई उभ्या रेघेला विश्रांतीची खूण समजत होत्या. "भाऊ, मी सगळं गाणं उलटं टांगलं होतं!" त्या आनंदानं सांगत होत्या. इतकी वर्षं चुकलो म्हणून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. कमलनं पेढा तोंडात टाकून मुद्द्याचं तेवढं विचारलं, "म्हंजी आता वरडायचं न्हाय?"

"नाही अक्का. आता सगळं खाली."

"मग बसा की. च्या घ्या."

अशी त्यांची मैत्री झाली. कमलला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं ती सांगायचीही. बाईंना ऐकणारं कुणीतरी हवं होतं, आणि कमलला बोलायला कुणीतरी. दोघी एकाच वेळी बोलायच्या. एकीचं चाललेलं असायचं मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, दुसरीचं भाजीवाल्यानं कोथिंबीर कशी शिळी दिली. आणि दोघींनाही एकमेकींचं सगळं कळायचं.

बाईंचं प्रत्येक काम असंच आडवाटेनं चालायचं. पोथीतलं संस्कृत समजावं म्हणून त्यांनी एका निवृत्त शास्त्रीबुवांना गाठलं. बुवांच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता. ठरलं असं की बुवांनी संस्कृत शिकवायचं आणि बाईंनी कवळी करून द्यायची. पण कवळी तयार व्हायला वेळ लागला, आणि तोवर बुवांच्या तोंडून प्रत्येक 'स' हा 'फ' होऊन बाहेर पडत होता. कवळी बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपले कितीतरी शब्द चुकीचे पाठ झालेत. मग निम्मा अभ्यास परत. पेटीवर त्यांचा राग होता. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यात जुनं गाणं मावत नाही, म्हणायच्या. म्हणून त्यांनी स्वतःच एक एकतारी वाद्य बनवलं. वाळवलेला भोपळा, वेळूची दांडी, भोकं पाडली दाताच्या मशिनीनं, आणि तार जिच्यावरून जाते ती घोडी केली कवळीच्या गुलाबी मसाल्याची. वाद्याला हिरड्या आल्यासारखं ते दिसायचं. वाजायचं मात्र गोड.

कमळाभवानीच्या दर्शनाला आम्ही तिघं एकदा एस.टी.नं करमाळ्याला गेलो होतो. दर्शन आमचं झालं. बाई देवळाच्या पायरीवर एका म्हातारीजवळ बसल्या त्या उठेचनात. म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती आणि बाई मोबाइल धरून तिच्या तोंडात डोकावत होत्या. मधेच म्हातारी थांबली. "काय काम करता बाई तुमी?" बाईंनी सांगितलं, दातांची डॉक्टर. म्हातारीनं दोन्ही हिरड्या दाखवल्या. "मग हितं काय शोधताय? हितं तर कायबी न्हाय उरलेलं." बाई म्हणाल्या, "आहे की, आजी. तुम्ही 'सखे' म्हणताना एका सुरावरून दुसऱ्यावर जाता ना, ते मधलं मला पाहिजे." परतीच्या एस.टी.त मी विचारलं की हे मधलं म्हणजे काय प्रकरण आहे. बाई खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत म्हणाल्या, "पानावर सूर लिहिलेत, भाऊ. किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. एकावरून दुसऱ्यावर चालत जायचं की घसरत, तेही नाही. ज्यानं लिहिलं त्याला वाटलं असेल, हे काय लिहायचं, हे तर सगळ्यांना येतंच." मग खिडकी ओढून घेत म्हणाल्या, "सगळ्यांना येत होतं तेच गेलं बघा."

पुढच्याच थंडीत कमलला पक्षाघात झाला. सकाळी दूध तापवताना ती ओट्याजवळ खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पायात हळूहळू बळ आलं, हातात थोडं आलं. वाचा आली नाही. तिला सगळं कळत होतं. बोलायला गेली की तोंड हलायचं, चेहरा लाल व्हायचा आणि निघायचं फक्त 'हां'. हो असलं तरी 'हां' आणि नको असलं तरी 'हां'. आयुष्यभर जिचं बोलणं थांबवावं म्हणून मी रेडिओ मोठा लावला, तिच्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. भाजीवालाही दारात येऊन मुकाट्यानं ताजी कोथिंबीर ठेवून जायचा.

घरी येणाऱ्या वाचा-उपचाराच्या ताईंनी सांगितलं की काही माणसांना बोलता येत नाही, पण गाता येतं; ओळखीचं काहीतरी डाव्या हातानं ठेका धरून हळू म्हणून बघा. आम्ही लहानपणापासून पाठ असलेली आरती घेतली. पहिले दोन शब्द तिच्या तोंडून घरंगळत आले आणि माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्याला अडलं. पुढचा शब्द तिला ठाऊक, मला ठाऊक, बघायला आलेल्या शेजारणीला ठाऊक. तिघांचे डोळे त्या शब्दाची वाट बघत होते आणि तो येत नव्हता. शेजारणीनं न राहवून तो म्हणून टाकला. कमलनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आरती काढली की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

हे सगळं बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी त्या आपलं गुलाबी घोडीचं वाद्य घेऊन आल्या आणि पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. "अक्का," त्या म्हणाल्या, "हे गाणं कुणालाच येत नाही. मलासुद्धा नाही. त्यामुळे यात चुकता येत नाही. चुकलीस तर चुकलीस म्हणून सांगणारं माणूस जगात शिल्लक नाही." आणि कमलचा डावा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून त्यावर ठेका देत त्यांनी अगदी हळू सूर लावला, "आ... ला... वो..."

रोज सकाळी त्या येत राहिल्या. कमल ऐकायची, ओठ मिटलेलेच. रझियाआपांचे फोन यायचे, "डॉक्टर, कब आरे?" बाई फोन उपडा ठेवायच्या. कुणाची दाढ ठणकत असेल, कुणाचं कवळीचं माप अडलं असेल. आमच्या घरातली ती अर्धी घटका त्यांनी कुणाला दिली नाही. आणि एका सकाळी, बाईंनी 'आ' लावला तेव्हा त्याच्या खालून दुसरा 'आ' आला. घोगरा, हलणारा. बाईंनी मान वर केली नाही, ठेकाही चुकवला नाही. तशाच पुढे गेल्या. कमल मागून येत राहिली. 'आला वो' झालं, 'घरा' झालं, आणि 'घ' आणि 'रा' यांच्या मधे तिचा श्वास संपला. ती थांबली, श्वास घेतला, आणि 'रा' वर हळूच उतरली. कुणी काही म्हटलं नाही. म्हणणार काय, ते गाणं तसं नाही हे कुणाला ठाऊक होतं?

बाईंचा हात मात्र तारेवर तसाच राहिला. दर वेळी तिथूनच त्या धावत जायच्या आणि दर वेळी तिथेच नाराज व्हायच्या. तिथे थांबायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. "अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "परत म्हण."

मग कमल रोज म्हणायला लागली. आणि एक दिवस ओळ संपल्यावर ती थांबलीच नाही. त्याच सुरांवर, त्याच संथ चालीत, माझ्याकडे बघत तिनं म्हटलं, "च्या... द्या..." मी ताडकन उठलो. बाई ओरडल्या, "भाऊ, थांबा! चहा ठेवू नका! अक्का, परत!" कमलनं बाईंकडे असं बघितलं की तो जुना दरारा पुन्हा घरात आला, आणि 'द्या' वर चांगली लांब तान घेतली. मी स्वयंपाकघरात गेलो. गॅसपाशी उभा राहून बराच वेळ लायटर उलटा धरून दाबत होतो.

त्यानंतर आमच्या घराचा कारभार काही महिने आठशे वर्षांपूर्वीच्या चालीवर चालला. 'दार लावा', 'गोळी नको', 'पंखा बंद करा' सगळं मंद्र सप्तकात. माझ्यावर रागवायचं असलं तरी ते ठेक्यात आणि 'घ' आणि 'रा' च्या मधला श्वास घेऊन. राग अर्ध्यावर थांबायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. अशा रागाला उत्तर द्यायला चांगला अवधी मिळतो. हळूहळू चाल गळत गेली आणि काही शब्द नुसते राहिले. सगळे नाही आले. 'कुलूप' अजून येत नाही, माझं नाव कधी येतं, कधी नाही. पण भाजीवाल्याला 'शिळी' म्हणता आलं त्या दिवशी त्यानं स्वतः होऊन जुडी बदलून दिली आणि जिन्यात उभा राहून डोळे पुसले.

पुढे इथल्या संगीतप्रेमी मंडळींनी बाईंना एका संध्याकाळी छोट्या सभागृहात ते गाणं सादर करायला बोलावलं. धारवाडचे अभ्यासकही आले. कमल पहिल्या रांगेत, काठी टेकून. बाईंनी पान दाखवलं, खुणा समजावल्या आणि ओळ गायली. 'घ' आणि 'रा' च्या मधे श्वास घेतला. गाणं संपल्यावर अभ्यासकांनी फार नम्रपणे विचारलं, "ताई, तिथं थांबायला आधार काय?" बाई म्हणाल्या, "आधार नाही. माझी एक मैत्रीण तिथं थांबली. मी पण थांबून बघितलं, तर ते घर वाटलं. त्याआधी नुसता सूर वाटत होता." अभ्यासक हसले. "पुरावा नाही हा." "नाहीच," बाई मोकळेपणानं म्हणाल्या. "पुरावा मिळाला तर बदलीन." घरी येताना रिक्षात कमलनं बाईंचा हात धरला आणि एकेक शब्द शोधत, चालीशिवाय म्हणाली, "बाई... लई... ग्वाड." बाईंनी तो हात घर येईपर्यंत सोडला नाही.

आणि पुरावा मिळाला. वर्षभरात त्याच अभ्यासकांना त्या ग्रंथाची दुसरी एक प्रत सापडली. तिच्यात या ओळीचे सूर वेगळे होते, आणि अक्षरांची जोडणी अशी होती की त्या जागी थांबायला वाव नव्हता. बाईंच्या भिंतीवरचं पान कुणा डुलकी आलेल्या लेखनिकानं उतरवलेलं असावं, असं अभ्यासकांचं मत पडलं. बाई जिना उतरून आल्या. या वेळी पेढे नव्हते. स्टुलावर बसून म्हणाल्या, "अक्का, आपण चुकीचं गात होतो गं." आणि मोबाइलवरून बघत नवी ओळ त्यांनी गाऊन दाखवली. फार छान होती. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा छान. कमलनं पूर्ण ऐकून घेतली. मग मान हलवली. "त्ये... तुजं," ती म्हणाली. आणि आपल्या छातीवर हात ठेवून, "ह्ये... माजं."

गेल्या दिवाळीनंतर बाईंनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे हैदराबादला राहायला गेल्या. गुडघे जिना चढू देत नव्हते. वरच्या मजल्यावर आता एक शांत कुटुंब आलंय. इतकं शांत की पहिले काही दिवस मला झोप लागली नाही. बाई तिकडे नव्या सुरांवर मेहनत घेतात, आणि काही जमलं की फोन करून कमलला ऐकवतात. कमल गंभीरपणे ऐकते आणि बहुतेक वेळा "न्हाय" म्हणते. बाई म्हणतात, "बरं, परत बघते." त्यांचे आभार मानायचे मी कितीदा ठरवलं. दर वेळी सुरुवात केली की त्या म्हणतात, "भाऊ, ते राहू द्या, अक्काला द्या," आणि मी फोन देतो.

परवा असाच फोन आला. नवी ओळ ऐकून झाली, पण या वेळी कमलनं "न्हाय" म्हटलं नाही. मग बराच वेळ शब्द जुळवून तिनं विचारलं, "बाई... कवा... येनार?" कुठलाही सूर न लावता, सरळ. बाईंना कुठल्याही प्रश्नाला चार भाषांत उत्तर असतं. या वेळी पलीकडून सूर आला. नवा नव्हता, आमचा, चुकीचा. "आला वो घ..." बाई थांबल्या, श्वास घेतला. त्यांचं पुढचं अक्षर यायच्या आत कमलनं ते इकडून म्हटलं, आणि दोघी मिळून खाली उतरल्या. मी उठून गॅलरीत गेलो. होटगी रोडला दिवे लागत होते. आत ती ओळ परत सुरू झाली.